क्रूझवरचा स्वीट: ज्यादा पैसे मोजण्याआधी करायचा हिशोब

मराठीत 'सूट' म्हटलं की आधी सवलत आठवते, म्हणून जहाजावरच्या ऐसपैस, महागड्या खोलीला (इंग्रजीत suite) या लेखात मी 'स्वीट' असंच म्हणणार आहे. तसंही जहाजावरच्या स्वीटमध्ये सवलत सोडून बाकी बरंच काही मिळतं. बुकिंग करताना खोल्यांची उतरंड समोर येते: आतली बिनखिडकीची, खिडकीवाली, बाल्कनीवाली, आणि शेवटी स्वीट. दर बाल्कनीच्या दुप्पट, अडीचपट, कधी चौपट. फोटोत लांबलचक सोफा, बाथटब, टेबलावर फळांची परडी. मन तिथेच पाघळतं.

मी दोनदा स्वीटमध्ये राहिलो आहे. एकदा पैसे वसूल झाले, एकदा पाण्यात गेले. गंमत म्हणजे दोन्ही खोल्या जवळपास सारख्याच होत्या. वेगळा होता तो जहाजाचा मार्ग, आणि पहिल्या खेपेला मी न केलेला हिशोब. तो आता पायरीपायरीने मांडतो. वही घेऊन बसलात तर तासाभराचं काम आहे.

पायरी १: नावाला भुलू नका, कार्ड कुठली दारं उघडतं ते बघा

जहाजांच्या जगात 'स्वीट' या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. ज्याला जसं सोयीचं, तसा तो वापरतो. म्हणून मी खोलीचं नाव बघतच नाही. त्या खोलीचं कार्ड (तीच खोलीची किल्ली) जहाजावर कुठे कुठे चालतं, एवढंच बघतो. त्या हिशोबाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे नुसती मोठी खोली. प्रिन्सेस कंपनीची 'मिनी-स्वीट' घ्या. बसायला वेगळी जागा आहे, बाथटब आहे, पण पूर्ण स्वीटवाल्यांना मिळणाऱ्या सगळ्या सोयी नाहीत. हॉलंड अमेरिकाच्या 'व्हिस्टा' आणि 'सिग्नेचर' या खोल्यांच्या नावातही स्वीट आहे, पण त्यांचं कार्ड नेपच्यून लाउंज या खास बैठकीच्या दाराशी चालत नाही. ते दार 'नेपच्यून' आणि 'पिनॅकल' स्वीटवाल्यांचं. या प्रकारात तुम्ही चौरस फूट विकत घेता, दुसरं काही नाही.

दुसरा प्रकार अधलामधला. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर स्वीटचे 'सी', 'स्काय' आणि 'स्टार' असे तीन स्तर आहेत. ज्युनियर स्वीट 'सी'मध्ये येते. तिच्यात राहणाऱ्यांना कोस्टल किचन या वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण मिळतं, पण स्वीट लाउंज मिळत नाही. 'स्टार'मध्ये 'जीनी' नावाचा माणूसच दिमतीला असतो. कुठे जेवायचं, कुठल्या खेळाला पुढची जागा हवी, सगळं तो बघतो. एकाच जहाजावर, एकाच शब्दाखाली, इतकी तफावत.

तिसरा प्रकार म्हणजे जहाजातलं जहाज. एमएससी कंपनीने २००८ साली 'फँटासिया' जहाजावर यॉट क्लब सुरू केला. नॉर्वेजियनचं हेवन, सेलिब्रिटी कंपनीचं रिट्रीट ही त्याच जातीची. कार्डावर उघडणाऱ्या दारामागे स्वतंत्र रेस्टॉरंट, लाउंज, उन्हात पडायचा वेगळा डेक (जहाजाचा मोकळा मजला), बऱ्याच जहाजांवर वेगळा पूलसुद्धा. कुनार्डमध्ये क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल हे वर्ग आहेत. तिथले प्रवासी आपापल्या ग्रिल रेस्टॉरंटमध्ये ठरलेल्या टेबलावर, पण आपल्या वेळेला जेवतात, बाकीचं बहुतेक जहाज ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये.

या तिसऱ्या प्रकारात खोली जवळजवळ दुय्यम असते. यॉट क्लबमध्ये काही जहाजांवर चक्क बिनखिडकीची 'इंटिरियर स्वीट' मिळते. खिडकी नाही, बाल्कनी नाही, तरी लोक आनंदाने घेतात, कारण किंमत त्या दारामागच्या जगाची आहे. उलट नॉर्वेजियनच्या जहाजांवर हेवनच्या बाहेरही स्वीट असतात. तिथे बटलर (खोलीच्या दिमतीचा सेवक) येतो, पण हेवनचं दार बंदच.

तर पहिलं काम: संकेतस्थळावर तुमच्या जहाजाचं (कंपनीचं नव्हे, जहाजाचं) पान उघडा आणि तुमच्या मनातल्या खोलीपुढे चार उत्तरं लिहा. वेगळं रेस्टॉरंट आहे का? असेल तर कुठल्या जेवणाला? वेगळं लाउंज? वेगळा डेक? चढता-उतरताना वेगळी रांग? एकाच कंपनीच्या नव्या आणि जुन्या जहाजांत ही उत्तरं बदलतात. चारही ठिकाणी 'नाही' आलं तर पुढच्या पायऱ्या भराभर उरकतील.

पायरी २: खरा फरक काढा

जाहिरातीतला दर माणशी असतो, आणि खोलीत दोघं आहेत असं धरून दिलेला असतो. त्यामुळे फरक पाहताना आपण नकळत अर्धाच आकडा पाहतो. एकटे जाणार असाल तर बहुतेकदा दोघांचं भाडं एकट्यालाच भरावं लागतं, आणि स्वीटमध्ये ते फार बोचतं.

एक उदाहरण धरू. आकडे मनातले आहेत, चलन तुमचं तुम्ही घाला. सात रात्री, दोन माणसं. बाल्कनी माणशी १,०००, स्वीट माणशी २,३००. वरवर फरक १,३००, खरा फरक २,६००. त्यात रोजच्या सेवाशुल्काची भर घाला. स्वीटवाल्यांना ते माणशी, दर रात्री थोडं जास्त पडतं. चार धरलं तर ४ गुणिले २ गुणिले ७, म्हणजे ५६. एकूण २,६५६. काही कंपन्यांत बटलर आणि कॉन्सिअर्ज (स्वीटवाल्यांची बुकिंगं आणि चौकशा पाहणारा माणूस) यांची बक्षिसी या सेवाशुल्कात नसते, ती वेगळी द्यायची रीत असते. तीही विचारून घ्या. बंदराचे कर मात्र खोली कुठलीही असली तरी सारखेच, ते फरकात धरू नका.

तुलना नेहमी तुम्ही एरवी जी खोली घेतली असती तिच्याशी करा. विक्रेते स्वीटची तुलना लगेच खालच्या महागड्या खोलीशी करून दाखवतात आणि फरक 'एवढासाच' वाटतो. एकेक पायरी चढत आपण गच्चीवर पोचतो ते असंच.

पायरी ३: प्रत्येक सोयीला तुमचा भाव लावा, कंपनीचा नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलो.

स्वीटबरोबर काय काय फुकट आहे याची यादी कंपनी देते आणि पुढे बाजारभाव लावते. पेयांचं पॅकेज इतक्याचं, इंटरनेट इतक्याचं, खास रेस्टॉरंटची जेवणं इतक्याची. बेरीज केली की वाटतं, अरे, स्वीट तर जवळपास फुकटच पडली! पण प्रश्न वेगळा आहे. बाल्कनीत राहिला असता तर यातलं तुम्ही पदरचे पैसे देऊन काय घेतलं असतं? तेवढंच वजा करायचं.

आपल्या उदाहरणात पेयांचं पॅकेज माणशी रोज ८० धरलं तर कंपनीच्या मते दोघांचे सात दिवसांचे १,१२० झाले. पण तुम्ही दोघं मिळून दिवसाला ४० चंच पिणारे असाल तर तुमचा भाव २८०. इंटरनेट तुम्ही घेतलंच असतं, त्याचे १५०. खास रेस्टॉरंटमध्ये दोनदा जेवला असता, त्याचे १८०. कॉफी, बाटलीबंद पाणी, किरकोळ ४०. एकूण ६५०. २,६५६ मधून ६५० गेले, उरले २,००६. म्हणजे रात्रीला साधारण २८७. हा आकडा वहीत गोल करून ठेवा. खोलीची जागा, निवांतपणा, वेगळा डेक, मान-मरातब या सगळ्यांसाठी तुम्ही खरोखर मोजताय ते एवढे.

आता ज्यांना भाव लावणं अवघड जातं अशा सोयी.

रांग टाळणं: चढताना आणि उतरताना मिळून फार तर एक-दोन तास वाचतात, आणि हल्ली चढायच्या वेळा वाटून देत असल्यामुळे तेही कमी झालेत. पण जिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींतून किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे ही सोय फार मोलाची. सँटोरिनी या ग्रीक बेटावर बोटीतून उतरल्यावर गावात वर जायला पुन्हा केबल कारची रांग असते. पहिल्या बोटीने गेलेल्याची सकाळ आणि तासाभराने गेलेल्याची सकाळ यात जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्या मार्गावर अशी किती बंदरं आहेत ते मोजा. एकही नसेल तर या सोयीपुढे शून्य लिहा.

वेगळं रेस्टॉरंट: शांतता, ओळखीचे वाढपी, वेळेचं बंधन नाही. ज्याला जेवणाचा घोळका नकोसा होतो त्याला हे फार सुख देतं. ज्याला रोज नव्या ठिकाणी चाखायला आवडतं तो तिसऱ्या दिवशी कंटाळतो, कारण खोल्या थोड्या म्हणून मेन्यूही आटोपशीर.

बटलर: माझ्या पहिल्या स्वीटमध्ये चढल्यावर दहा मिनिटांत दारावर टकटक झाली. इस्त्रीच्या कोटातला हसतमुख माणूस विचारत होता, "बॅगा उघडून कपडे कपाटात लावून देऊ का?" बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बॅगेकडे पाहिलं. आत निघता निघता कोंबलेले मोजे आणि चार्जरच्या वायरींचा गुंता. "नको नको, आम्ही लावतो," दोघं एका सुरात म्हणालो. त्यानंतर सात दिवसांत त्या भल्या माणसाकडून आम्ही दोनदा कॉफी मागवली. तिसऱ्यांदा मागवायची होती, पण उगाच त्याला कशाला त्रास, म्हणून मीच खाली जाऊन घेऊन आलो. जी सेवा घ्यायला तुम्हाला संकोच वाटतो, तिचा भाव तुमच्यापुरता शून्य. याउलट खोलीत नाश्ता मांडून घेणं, पार्टीचे कपडे इस्त्री करून मागवणं, चार मित्रांसाठी संध्याकाळचं खाणं सांगणं, हे सहज जमत असेल तर बटलर भरपूर वसूल होतो.

पायरी ४: जागेपणीचे तास मोजा

माझ्या मते निर्णय इथेच होतो. बाकीच्या पायऱ्या याच्या आजूबाजूच्या.

सफरीचा रोजचा कार्यक्रम समोर ठेवा. प्रत्येक दिवसापुढे लिहा: जहाज बंदरात किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं, तुम्ही किती वाजता खाली उतरणार आणि परत येणार. मग झोप, जेवण आणि रंगमंचावरचे कार्यक्रम वजा करा. उरतात ते तास, ज्यांत तुम्ही खोलीत, बाल्कनीत, लाउंजमध्ये किंवा खास डेकवर असू शकता.

भूमध्य समुद्रातली सफर घ्या. जहाज 'रोम'ला लागतं म्हणतात ते चिविटावेकियाला, रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथूनही पुढे लांबचा पल्ला. सकाळी सातला नाश्ता, आठला बस, संध्याकाळी सहाला पाय ओढत परत. अंघोळ, जेवण, झोप. माझे बुडालेले पैसे ते याच सफरीतले. आठवडाभरात त्या लांबलचक सोफ्यावर मी एकूण किती वेळ बसलो ते नंतर आठवून पाहिलं. त्यावर बहुतेक वेळ आमच्या पाठपिशव्याच बसल्या होत्या.

दुसरं टोक म्हणजे क्वीन मेरी २ ची साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सफर. सात रात्री, मधे एकही बंदर नाही. पश्चिमेकडे जाताना घड्याळ पाच वेळा तासभर मागे घेतात, म्हणजे वर पाच तास बक्षीस. अशा सफरीत खोली हेच घर असतं आणि स्वतःचं लाउंज हा शेजार. इथे चांगली स्वीट वसूल व्हायला वाव आहे.

आता मघाचा आकडा घ्या. बंदरांनी भरलेल्या सफरीत रोज तीन तास मिळाले तर सात दिवसांचे २१. २,००६ भागिले २१, म्हणजे तासाला ९६. समुद्रातले दिवस जास्त असलेल्या सफरीत रोज सात तास मिळाले तर ४९ तास, तासाला ४१. खोली तीच, पैसे तेच, तासाचा दर निम्म्याहून खाली. तासाला एवढे देऊन मी एरवी कुठे बसलो असतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर पोटातून येतं.

गर्दीचाही विचार याच पायरीत करा. 'आयकॉन ऑफ द सीज'वर खोलीत दोघं धरले तरी ५,६१० प्रवासी होतात, आणि सगळे पलंग भरले तर ७,६००. अशा जहाजावर, उष्ण प्रदेशात, समुद्रातल्या दिवशी सकाळी नऊला पूलजवळ खुर्ची शोधायला निघा. प्रत्येक खुर्चीवर टॉवेल, चप्पल नाहीतर पालथी घातलेली कादंबरी, माणूस मात्र कुठेच नाही. अशा वेळी स्वीटवाल्यांच्या डेकवर दार ढकलून आत गेलं आणि रिकामी खुर्ची मिळाली, तर तो क्षण खरंच पैसे देऊन घेण्यासारखा असतो. जहाज जितकं मोठं आणि हवा जितकी गरम, तितकी या दाराची किंमत जास्त. लहान जहाजावर, थंड प्रदेशात, ते दार आहे की नाही याने फारसं काही अडत नाही.

अलास्काबद्दल सगळे विचारतात. ग्लेशियर बे या तिथल्या हिमनद्यांच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात आणि तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, दिवसाचा मोठा भाग नुसतं पाहायचं. बाल्कनी तिथे हवीच, असं माझं मत. पण साधी बाल्कनी पुरते. हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दर्शन होतं. आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, ते ऐकायला तुम्ही वरच्या मोकळ्या डेकवरच जाल. सोफा खोलीत एकटा.

पायरी ५: बरोबर कोण आहे?

दोघंच असाल तर पुढे चला. चौघं असाल तर थांबा, कारण इथे गणित उलटंही फिरतं.

खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुतेकदा पहिल्या दोघांपेक्षा बरंच कमी असतं. त्यामुळे चौघांनी एक स्वीट घेतली तर माणशी दर अनपेक्षितपणे खाली येतो. पण तिच्यासमोर एकमेकींना लागून असलेल्या दोन बाल्कनी खोल्यांचा भाव ठेवून पाहा. मधलं दार उघडलं की तीही मोठी खोलीच, आणि न्हाणीघरं दोन. संध्याकाळी सहा ते सात या वेळात चार माणसं आणि एक न्हाणीघर हे दृश्य ज्याने अनुभवलंय त्याला दुसऱ्या न्हाणीघराचं मोल सांगावं लागत नाही. मुलं मोठी असतील तर मी डोळे झाकून दोन खोल्या घेईन.

वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर स्वीटचं पारडं जड होतं: रांगा कमी, दोन वेळचं जेवण खोलीत, दुपारी टेकायला लाउंज. मात्र खोली लिफ्टपासून किती लांब आहे ते बघाच. मोठ्या जहाजांचे बोळ इतके लांब असतात की गुडघ्यांची परीक्षाच. चाकाच्या खुर्चीसाठी बनवलेल्या खोल्या साध्या वर्गातही असतात आणि त्या नेहमीच्या खोल्यांपेक्षा ऐसपैस असतात, तेव्हा केवळ जागेसाठी स्वीट घ्यायची गरज नाही. अर्थात ज्यांना गरज आहे त्यांनीच त्या घ्याव्यात.

पायरी ६: नकाशा काढा, वर-खाली-शेजारी बघा

स्वीट महाग म्हणजे जागा चांगलीच असणार, हा गोड गैरसमज. जहाज समुद्रात पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे असं दोन्ही तऱ्हांनी हलतं, आणि सगळ्यात कमी हलतं ते मधोमध, खालच्या मजल्यांवर. स्वीट असतात वरच्या मजल्यांवर, बऱ्याचदा अगदी पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला. ज्याला बोट लागते त्याने पैसे जास्त मोजून जास्त हेलकावे विकत घेऊ नयेत. मधल्या, खालच्या मजल्यावरची साधी खोली त्याला अधिक मानवेल.

पुढच्या टोकाच्या स्वीटमधून कप्तानाला दिसतं ते दृश्य दिसतं. ऐकायला झकास. पण जहाज वेगात असताना त्या बाल्कनीत वारा उभं राहू देत नाही, आणि अंधार पडला की पडदे ओढून घ्या अशी सूचना असते, कारण खोलीतल्या उजेडाने ब्रिजवर (जहाज चालवतात त्या कक्षात) पहारा देणाऱ्यांना समोरचा काळोख नीट दिसत नाही. म्हणजे ज्या दृश्यासाठी पैसे दिले ते सूर्यास्तानंतर बंद. मागच्या कोपऱ्यातल्या स्वीटला बहुधा दोन बाजूंनी वळसा घेणारी मोठी बाल्कनी असते आणि पाण्यावर उमटत जाणारा जहाजाचा पांढरा पट्टा दिसतो. मला ही जागा सगळ्यात आवडते. पण तिथे यंत्रांची थरथर जाणवू शकते.

मग वरचा मजला पाहा. डोक्यावर दुसऱ्या खोल्या असतील तर उत्तम. पूल, बुफे किंवा व्यायामशाळा असेल तर सावध. एकदा माझी खोली पूलच्या बरोबर खाली होती. पहाटे साडेपाचला डोक्यावरून काहीतरी कर्रर्र करत सरकलं, मग थांबलं, मग दुसरं, मग तिसरं. कर्मचारी आराम-खुर्च्या ओळीत लावत होते. जहाजावर अशा खुर्च्या किती असतात, याचा अंदाज मला त्या आठवड्यात आला. नकाशावर ज्या जागेवर काहीच लिहिलेलं नाही ती शांत असेल असं समजू नका. तिथे बऱ्याचदा कर्मचाऱ्यांची पँट्री किंवा सामानाची ढकलगाडी ठेवायची जागा असते. आणि दोन खोल्या जोडणाऱ्या दाराची खूण दिसली, पण तुम्हाला ते दार नको असेल, तर ती खोली टाळा. दारातून शेजाऱ्यांच्या गप्पा भिंतीपेक्षा जास्त ऐकू येतात.

पायरी ७: त्याच पैशांत आणखी काय येतं?

स्वीटचा पूर्ण आकडा हातात आला की तो घेऊन तीन दुकानं फिरा.

एक, मधल्या पायऱ्या. सेलिब्रिटीच्या ॲक्वाक्लासमध्ये खोली बाल्कनीचीच, पण ब्लू नावाचं वेगळं रेस्टॉरंट मिळतं. कुनार्डच्या ब्रिटानिया क्लबमध्येही बाल्कनीची खोली आणि छोटं स्वतंत्र रेस्टॉरंट, वेळेचं बंधन नाही. तुम्हाला स्वीटमधून फक्त शांत जेवण हवं असेल तर उत्तर इथेच सापडेल.

दोन, लहान आलिशान जहाजं. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबर्न यांच्या जहाजांवर सगळ्याच खोल्या स्वीट असतात, प्रवासी बहुतेक जहाजांवर काही शेच, पेयं आणि बक्षिसी भाड्यातच. रीजंटमध्ये तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच सहलीही भाड्यातच येतात. मोठ्या जहाजाची वरच्या दर्जाची स्वीट आणि इथली सगळ्यात स्वस्त खोली यांचे भाव शेजारी शेजारी लिहून पाहा, फरक वाटतो तितका नसतो. मोठ्या जहाजावर स्वीटवाला शांततेच्या बेटावर राहतो. इथे पूर्ण जहाजच शांत. मात्र पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, झगमगीत नाटकं इथे शोधू नका. मुलं दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करतील.

तीन, दुसरी सफर. आपल्या उदाहरणातल्या जास्तीच्या २,६५६ मध्ये त्याच दराने बाल्कनीची आणखी एक अख्खी सफर बसते आणि वर पैसे उरतात. पहिल्यांदाच क्रूझवर जाणाऱ्याला मी हेच सांगतो: आधी बाल्कनीतून जा, तुम्हाला जहाजावर काय आवडतं ते कळू दे. ज्याला गर्दीने जीव घाबरा होतो, किंवा ज्याला ही आयुष्यातली एकमेव सफर करायची आहे, त्याला हा सल्ला लागू नाही.

पायरी ८: बोली लावायची असेल तर

बऱ्याच कंपन्या बुकिंगनंतर वरच्या खोलीसाठी बोली मागवतात. तुम्ही आकडा सांगायचा, रिकामी खोली उरली आणि त्यांना पटलं तर ती तुमची. वाईट मार्ग नाही, पण चार गोष्टी ध्यानात ठेवा. बोलीचा आकडा सहसा माणशी असतो आणि दोघांचा धरला जातो, म्हणजे पडद्यावर २०० टाकले तर क्रेडिट कार्डावर ४०० पडतात. बोली मान्य झाली की पैसे परत नाहीत. खोली नेमकी कुठली ते कंपनी ठरवते, म्हणजे सहाव्या पायरीवर केलेली सगळी मेहनत वाया. आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांच्या खात्यात कंपनी जमा करते ते निष्ठेचे गुण वरच्या खोलीचे मिळतील की मूळच्या, ते नियमांत वाचून घ्या. रॉयल कॅरिबियनमध्ये ज्युनियर स्वीट आणि त्यावरच्या खोल्यांना रात्रीचे दुप्पट गुण मिळतात, म्हणून पुढच्या सफरींचा विचार करणाऱ्याला हा प्रश्न बारीक नाही.

बोली किती लावायची? तिसऱ्या पायरीवर तुम्ही सोयींना लावलेला भाव, अधिक तासांचा तुम्हाला पटणारा दर गुणिले तास. उदाहरणात ६५० अधिक तासाला २० दराने ४९ तासांचे ९८०, म्हणजे १,६३०. त्यातून जास्तीच्या सेवाशुल्काचे ५६ वजा करा, १,५७४. माणशी ७८७. त्याच्या वर एक पैसा नाही. बोलीच्या पानावर एक काटा असतो, 'कमकुवत'पासून 'उत्तम'पर्यंत सरकणारा. त्या काट्याकडे बघायचं नाही.

पायरी ९: पैसे भरण्याआधी आणि चढल्यावर

स्वीटची अनामत रक्कम जास्त असते आणि काही ठिकाणी ती परत न मिळणारी असते, हे लेखी बघून घ्या. शेवटचा हप्ता भरायची तारीख साधारण तीन महिने आधी येते. तोवर दर आठवड्याला भाव बघत राहा. उतरला तर तोच दर लावून द्या असं कंपनीला किंवा एजंटला सांगता येतं, ती तारीख उलटल्यावर सहसा येत नाही.

आणि घेतलीच स्वीट, तर पहिल्या दुपारी एक काम करा. लाउंज उघडायच्या-मिटायच्या वेळा, तिथे खाणं-पिणं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळतं, खास डेकचं दार कुठे आहे आणि बंदरात उतरताना कुठे जमायचं, हे कॉन्सिअर्जकडून एका कागदावर लिहून घ्या. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, आरशाशेजारी लावा. आम्हाला पहिल्या खेपेला लाउंजमध्ये संध्याकाळी पेयं मिळतात हे पाचव्या दिवशी कळलं, तेही लिफ्टमध्ये भेटलेल्या एका आजींकडून.

बटलरने विचारलं तर बॅगा त्याला उघडू द्या. फक्त चार्जरच्या वायरी आधी काढून ठेवा.